सातव्या नमो मारियानंतर

विंडसर
रविवार, ६ नोव्हेंबर २०१६

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण तुम्ही दोघं आता राहता त्या विनिपेगच्या घरात हे कुणी उघडलं तरी वाचता येणार नाही. व्हिव्हियनवहिनीलाही नाही, ती टोरांटोत वाढलेली, तिला मराठी कळते पण अक्षरं लागत नाहीत. शिवाय काही गोष्टी मला मराठीतच सरळ लिहिता येतात. दम्यामुळे आठव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा वसईच्या घरी तूच मला पाटीवर अक्षरं शिकवलीस. कुवेतहून आलेली पप्पांची पत्रं हेच माझं पुस्तक. तू बोट ठेवायचास, मी वाचायचे.

आज घड्याळं एक तास मागे गेली. मम्मीने स्वयंपाकघरातलं घड्याळ काढायला तुला हाक मारली, मग स्टुलावर स्वतः चढली. साडेपाचलाच अंधार पडला. नदीवरून धुकं आलं आहे, पुलाचे दिवे अर्ध्यावरच संपतात, आणि दारूच्या कारखान्याचा आंबूस वास घरात येऊन बसला आहे. नदीपलीकडच्या कारखान्यांची ती गुणगुणही परत सुरू झाली आहे. मम्मीला ती ऐकू येत नाही. मला येते. तुलाही यायची.

शैलेंद्र अजून तुरुंगातच आहे. जामीन राहायला बायकोखेरीज त्याचं इथे दुसरं कुणी नाही. तुमच्या केटरिंगच्या लोकांनी ठरवूनच टाकलं आहे की त्या संध्याकाळी गाडी तोच चालवत होता. तुम्ही दोघांनी दीड वर्ष एकच व्हॅन चालवलीत, सकाळची शिफ्ट तुझी, दुपारची त्याची. तरी तुला काय वाटतं, ते तू एकदाही बोलला नाहीस. त्याला धरलं, आणि दोन दिवसांनी तू गाव सोडलंस. मला न भेटता.

मी सगळं क्रमाने लिहिते. फार्मसीत गोळ्या पाचपाच मोजते ना, तसं केलं की मला श्वास घेता येतो. कुठे चुकले असेन तर दुरुस्त कर.

बुधवार, १९ ऑक्टोबर. घरोघर फिरणारी रोझरीची मारियामातेची मूर्ती त्या आठवड्यात आपल्याकडे होती. साडेसातला रोझरी सुरू झाली. घरात सहा जण: मम्मी, मी, आग्नेसमावशी आणि तिच्या घरचे तिघं. बाकीचे पाच जण नेहमीसारखे फोनवर. आपल्या वसईच्या पाच घरांचं हे असंच चालत आलं आहे; कुणी लेमिंग्टनला, कुणी शिफ्टवर, ऑक्टोबरभर रोज जमणार कसे? फोन मूर्तीशेजारी ठेवायचा, स्पीकर लावायचा, आणि ज्याच्या वाट्याला जे रहस्य येईल ते, म्हणजे त्याच्या दहा नमो मारिया, त्याने म्हणायचं, समोर असो की फोनवर. मावशी वहीत सगळ्यांची नावं लिहिते. कोण घरात होतं आणि कोण फोनवर, हे ती कधीच लिहीत नाही. तिच्या मते रोझरीला जो आहे तो आहे.

चौथं रहस्य तू म्हटलंस.

त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला किंग्जव्हिलच्या बाजूला, काउंटी रोडवर, एका सायकलवाल्याला गाडीने उडवलं. कर्टिस बेली. जमैकाचा, ग्रीनहाऊसमध्ये कामाला, इथला आठवा हंगाम. गाडीवाला पळून गेला. कर्टिस तीन दिवसांनी, शनिवारी, हॉस्पिटलमध्ये वारला. तोवर गुरुवारी सकाळी यार्डात तुमच्या व्हॅनचा पुढचा दिवा फुटलेला सापडला होता. शैलेंद्र म्हणाला, मी सहाला चावी पेटीत ठेवून चालत घरी गेलो. घरी तो एकटाच होता. तू म्हणालास, मी रोझरीला होतो.

शुक्रवारी पोलीसबाई आपल्याकडे आली. तिने मला विचारलं, साडेसात ते आठ एल्टन प्रार्थनेला होता का? मी वही पुढे केली. अकरा नावं. तिने उतरून घेतली, मी वाचून पाहिली आणि सही केली. वहीत होतं तेच मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं ना?

तू तुझ्या अपार्टमेंटमधून बोलत होतास, असं मी धरून चालले आहे. तेवढं एका ओळीत लिही. मग मी पोलिसांना कळवीन की तो घरून फोनवर होता, आणि विषय संपेल.

मम्मी विचारते, तिकडे जाड कोट घेतलास का.

जेनेल


विंडसर
शुक्रवार, १८ नोव्हेंबर

दादा,

तुझी ओळ आली नाही, फोन आला, तोही मम्मीच्या फोनवर. मला मागाहून शंका येते की जे ऐकलं ते खरंच ऐकलं का, म्हणून लिहून ठेवते.

आधी तू मला रागावलास, की असली पत्रं पाठवू नकोस. मग सांगितलंस की वहिनीचं बीपी वाढलं आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे, बाळ जानेवारीत येणार आणि तुझी पीआर, इथे कायम राहायची परवानगी, जर गेली तर तिने एकटीने काय करायचं. मी एवढंच विचारलं, तू त्या वेळी कुठून बोलत होतास? मागे हॉकीचा सामना चालू होता. मग म्हणालास, "तू फक्त गप्प राहा, जेनू. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कळलं की आपण हो म्हणालो.

काल वनिता फार्मसीत आली. शैलेंद्रची बायको. तू तिला कंपनीच्या पिकनिकला पाहिलं असशील, नागपूरची, वांग्याची भाजी घेऊन सगळ्यांच्या मागे लागलेली. त्या बुधवारी ती वृद्धाश्रमात ड्यूटीवर होती, मुलगी शेजारणीकडे, म्हणून नवऱ्याच्या बाजूने तिला काहीच सांगता येत नाही. रांग संपेपर्यंत ती शुभेच्छापत्रांच्या स्टँडपाशी उभी राहिली. मग काउंटरवर आली, झोपेच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन ठेवलं आणि माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला.

"तुम्हीच जेनेल. वकील म्हणाले, त्यांच्याशी बोलू नका. पण औषध तर घ्यावंच लागतं ना माणसाला."

मी प्रिस्क्रिप्शन उचललं.

"एकच विचारते. त्या संध्याकाळी एल्टन तुम्हाला दिसले होते का? म्हणजे डोळ्यांनी?"

दादा, मी काय बोलले सांगू? मी म्हणाले, वीस मिनिटं लागतील, तुम्ही बसा.

ती किंचित हसली. "इथे सगळ्यालाच वीस मिनिटं लागतात का हो?" असं म्हणून खुर्चीवर जाऊन बसली.

तीस गोळ्या मी तीनदा मोजल्या. एकदा एकतीस भरल्या. पिशवी घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीला तिने सांगितलं आहे की बाबा नागपूरला गेलेत. आता मुलगी विचारते, मग ते व्हिडिओवर का येत नाहीत. एवढं बोलून ती गेली. बाहेर इतकं धुकं होतं की दारातून चार पावलांवर तिचा पिवळा कोट दिसेनासा झाला.

आता मी ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

मला मोजायची खोड आहे, तुला माहीत आहे. रोझरीत कुणी नऊ म्हटल्या की अकरा, हे मावशीच्याही आधी मला कळतं. चौथ्या रहस्यात तू सात नमो मारिया म्हटल्यास. सातवी संपली आणि फोनमधून एक आवाज आला, तांदळाचं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मग टिक, टिक, टिक. मग फोन बंद. मावशी म्हणाली, गेला सिग्नल, आणि उरलेल्या तीन तिनेच म्हटल्या. मी ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात चव्वेचाळीस. का पाहिलं ते ठाऊक नाही.

शेवटी लितानीला, मारियेच्या नामावळीला, तू परत लागलास. "आम्हांसाठी विनंती कर" असं सगळे म्हणत होते आणि तुझा आवाज प्रत्येक वेळी अर्धा शब्द मागे राहत होता.

अपार्टमेंटमध्ये टिक टिक कशाची होते, दादा? मी गेले चार आठवडे त्याचं उत्तर शोधते आहे. तुझ्या घरात एकही घड्याळ तसं वाजत नाही. तसा गाडीचा इंडिकेटर वाजतो.

मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

जेनेल


विंडसर
शनिवार, २६ नोव्हेंबर

दादा,

उद्यापासून नाताळआधीचा आगमनकाळ सुरू होतो. काल कन्फेशनला गेले. तुझं नाव घेतलं नाही. फादरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ज्याचं नुकसान झालं त्याला हे सांगितलंस का? मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं. ते म्हणाले, "मी कुणाला सांगू शकत नाही. म्हणूनच तू मला सांगितलंस." खिडकीची जाळी नसती तर मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नसते.

तेव्हा आता उरलेलंही लिहिते.

त्या बुधवारी पाच वाजता मी तुला मेसेज केला होता. मूर्तीपुढची फुलं सुकली होती. मी लिहिलं, किंग्जव्हिलच्या ग्रीनहाऊसवाल्याकडून शेवंती आणशील का, दुकानातली टिकत नाही. तू लिहिलंस, माझी गाडी ब्रेकसाठी गॅरेजला आहे. मी लिहिलं, बघ ना काहीतरी करून. त्यावर तू अंगठा पाठवलास.

काहीतरी म्हणजे काय, हे तेव्हा मी विचारलं नाही. यार्डातली व्हॅन सहानंतर रिकामी असते, चावी पेटीत असते आणि पेटीचा नंबर तुम्हा दोघांनाच माहीत आहे, हे मला त्याच्याही आधीपासून माहीत होतं.

गुरुवारी सकाळी उठले तर मूर्तीपुढे पिवळी शेवंती होती, बादलीभर. मी खूश झाले. मावशीला म्हटलं, बघ, दादाने आणली. शुक्रवारी पोलीसबाई आली तेव्हा फुलं तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती, आणि शपथेवर सांगते, त्या क्षणी मी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. मला वही दिसत होती. वहीत अकरा नावं होती. आपल्या घरात कुणी कधी घरातले आणि फोनवरचे असे वेगळे मोजलेले नाहीत. लेमिंग्टनच्या म्हाताऱ्या अंकलना तर दोन वर्षांत कुणी पाहिलेलंही नाही, तरी त्यांचं नाव रोज असतं. इथल्या पोलिसांना हे ठाऊक नसणार, हे मला सुचलंच नाही.

शनिवारी कर्टिस बेली गेल्याची बातमी आली. पेपरात त्या रस्त्याचं नाव होतं. तेव्हा सगळं एकदम जुळलं. मी वॉशरूममध्ये गेले, कडी लावली आणि आपले ते चारही मेसेज पुसून टाकले. मग बाहेर येऊन फुलांचं पाणी बदललं. ती फुलं नऊ दिवस टिकली.

सही करताना मी चुकले. त्यानंतरचे पस्तीस दिवस मात्र चुकलेले नाहीत. ते मी जाणूनबुजून घालवले. कर्टिस गेल्यावर तीन दिवसांनी, मंगळवारी, शैलेंद्रला धरून नेलं तेव्हाही मी फार्मसीत उभी होते आणि गिऱ्हाईकाला सांगत होते की ही गोळी जेवणानंतर घ्या.

गेल्या रविवारी मी त्या रस्त्याने गाडी घेऊन गेले. यार्डापासून अडतीस मिनिटं. दोन्ही बाजूंना काचेची घरं, आत दिवे लावलेले, त्यामुळे धुकं संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. रस्त्याला कडेची जागाच नाही. पांढरी रेघ संपली की नाला. विजेच्या खांबाला त्याच्याबरोबरच्यांनी त्याचं चमकतं जाकीट बांधलं आहे. म्हणजे ते त्याच्या अंगात नव्हतं, किंवा असूनही उपयोग झाला नाही. मी दिवे चालू ठेवून उभी राहिले. एक जण सायकलवरून आला, थांबला, आणि गाडी बंद पडली आहे का, मदत हवी का, असं विचारू लागला. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग इथे उभ्या राहू नका, ही जागा चांगली नाही.

तू स्वतः जा, दादा. तिकडच्या पोलिसांकडे जा आणि सांग. फुलं मी मागितली होती हेही सांग. मी येईन, तुझ्या शेजारी बसेन. पण तू जा.

जेनेल


विंडसर
शुक्रवार, २ डिसेंबर

दादा,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पण मावशीला फोन केलास. काल ती आली, हातात केकचा डबा आणि तोंडावर राग. बूटही काढले नाहीत.

मला म्हणाली, तू म्हणे पोलिसांकडे जायचं काढलं आहेस. वही तिने कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. "नाव आहे त्याचं वहीत. पोरगा देवासमोर हजर होता, पोलिसांना आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "देवासमोर असेल, मावशी. माझ्यासमोर नव्हता. मला माझ्यासमोरचं विचारलं होतं."

मावशी मम्मीकडे वळली. "दमा दमा करून हिला घरात कोंडून ठेवलीस, त्याचं हे फळ. वेळेवर शाळेत गेली असती तर चार पोरींबरोबर राहून खोटं बोलायला तरी शिकली असती."

मला त्याही अवस्थेत हसू आलं. मावशीलाही आलं असावं, कारण ती पटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिने तुला मांडीवर खेळवलं आहे. तुझ्या बाप्तिस्म्याला धर्ममाता तीच होती. तिचं काही चुकतं आहे असं मी म्हणत नाही.

मम्मी इतका वेळ बटाटे सोलत होती. मावशी गेल्यावरही सोलत राहिली, आपल्या दोघींना लागतात त्याच्या तिप्पट. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "फुलं त्याने बुधवारीच आणली. नऊ वाजता. तू वर होतीस. दार मी उघडलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी पायपुसणं पुढे केलं. विचारलं नाही काही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

म्हणजे ती पहिल्या दिवसापासून ओळखून आहे, दादा. आम्ही दोघी सहा आठवडे एकाच टेबलावर जेवतो आहोत, एकमेकींना मीठ देतो आहोत. झोपायला जाताना ती एवढंच म्हणाली की जाणार असशील तर मला दिवस सांगू नकोस, मी तुला अडवीन.

पण गुडघ्यापर्यंत चिखल कसा, याचा मी रात्रभर विचार केला. ग्रीनहाऊसवाल्याच्या दारात सिमेंट आहे. मी पाहून आले.

सोमवारी सकाळी अकरा वाजताची वेळ मी घेतली आहे. तीच पोलीसबाई असेल. मी सांगणार आहे की तू घरात नव्हतास, फोनवर होतास. सात झाल्या आणि आवाज आला. मेसेज मी पुसले. मावशीच्या फोनवर तुझे दोन कॉल आहेत आणि मधली दहा मिनिटं रिकामी आहेत.

हे पत्र पोचेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. म्हणून रविवारी संध्याकाळी तुझ्या व्हॉइसमेलवर हेच सांगून ठेवीन. सोमवारी अकरा. त्याआधी तू स्वतः गेलास तर तुझ्या वकिलाला काहीतरी बोलायला जागा राहील. यापेक्षा जास्त वेळ मी देऊ शकत नाही. देईन तो प्रत्येक दिवस शैलेंद्रच्या दिवसांतून काढावा लागतो.

वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस असं म्हणणार होते. नको, उलट सांग. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

जेनेल


विंडसर
सोमवार, ५ डिसेंबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं

दादा,

पोलीस स्टेशनसमोर गाडीत बसून लिहिते आहे. हीटर चालू आहे तरी बोटं वळत नाहीत, अक्षर तसंच समजून घे. समोर रस्ता ओलांडला की नदी असायला हवी, पण आज तिथे नुसतं पांढरं आहे. त्या पांढऱ्यात एका बोटीचा भोंगा वाजतो आहे. हे पत्र आत जाण्याआधी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकीन. आत गेल्यावर ते मला तुझ्याशी संपर्क ठेवू नको असं सांगतील, असं मला वाटतं. तसं सांगितलं तर मी ठेवणार नाही.

दहाला दहा कमी असताना तुझा फोन आला, त्याला अर्धा तास झाला. तो मी अक्षरशः लिहिते, म्हणजे नंतर आपल्या दोघांपैकी कुणालाही वेगळं आठवायला नको.

तू विचारलंस, "किती सांगणार आहेस?"

मी म्हटलं, ऐकलं तेवढं.

तू म्हणालास की फुलं मी मागितली होती, माझ्यासाठी तू गेलास, धुकं होतं, आणि एका हातात फोन धरून नमो मारिया म्हणायला लावणारेही आपणच सगळे. मी म्हटलं, फुलांचं मी सांगणार आहे, आणि फोनचंही. मग तू म्हणालास की शैलेंद्रवर सिद्ध काही होणार नाही, तो आज ना उद्या सुटेलच. मी म्हटलं, मग तू का नाही येत? वहिनीचा आवाज आला, ती कुणाचा फोन आहे असं विचारत होती. तू दार लावून घेतलंस.

मग मी चिखलाचं विचारलं.

तू जे सांगितलंस ते असं. "मी थांबलो होतो, जेनू. मी खाली उतरलो. तो नाल्यात बसलेला होता, नीट बसलेला. बोलत होता. मला सर म्हणाला. म्हणाला, सर, सायकल बरी आहे ना, ती मालकाची आहे."

तू नाल्यात उतरून सायकल वर काढलीस. चाक फिरवून पाहिलंस. त्याला सांगितलंस की सायकल ठीक आहे.

"त्याने मला थँक यू म्हटलं," तू म्हणालास. "बोलतोय म्हणजे बरा आहे, असं वाटलं मला. खरंच वाटलं. तो म्हणाला, थोडा वेळ बसतो आणि जातो."

सायकल तू कडेच्या गवतात आडवी ठेवलीस, गाडीत बसलास, आणि लितानीला फोन लावलास.

पेपरात आलं होतं की तो सापडला तेव्हा नऊ वाजले होते. मजुरांच्या बंकहाऊसमधला, त्याच्याबरोबर राहणारा एक जण त्याला शोधायला निघाला होता. सव्वा तास तो तिथे होता. तू आपल्या दारात फुलं घेऊन उभा होतास तेव्हाही तो तिथेच होता. मी हे तुला फोनवर म्हटलं नाही. आत्ता गाडीत बसल्यावर मोजलं.

मग तू रडलास. पप्पा गेले तेव्हाही मी तुला इतकं रडताना ऐकलं नव्हतं. म्हणालास, "हे मी व्हिव्हियनलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, तू माझी बहीण आहेस म्हणून. हे तुझ्याकडेच राहू दे. बाकीचं सगळं सांग, पण हे नको."

मी म्हटलं, बघते. ते बरोबर नव्हतं. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पण तू रडत होतास.

मम्मी गुरुवारच्या विमानाने विनिपेगला येते आहे. तिकीट मी काढलं आहे. वहिनीच्या बाळंतपणापर्यंत ती तिथे राहील, तू घरी असलास किंवा नसलास तरी. तिला आजचा दिवस मी सांगितला नव्हता, पण सकाळी माझा कोट तिने स्वतः खुंटीवरून काढून दिला आणि बटणं लावून दिली, लहानपणी लावायची तशी, वरपासून.

कर्टिस बेलीच्या बायकोचं म्हणणं पेपरात एकदाच आलं होतं, दोन ओळींत. ती तिकडे जमैकात आहे, तिला तीन मुलं आहेत. ती म्हणाली होती, शेवटी तो काय बोलला ते कुणी तरी सांगा. हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नाही. आजपर्यंत फक्त तुला ठाऊक होतं. आता मलाही आहे.

सायकलचं मी सांगणार आहे, दादा. त्याने तुला सर म्हटलं हेही, आणि ते थँक यूसुद्धा. ते त्याच्या घरच्यांचं आहे. ते मला ठेवून घेता येत नाही.

अकराला सात कमी आहेत. पेटीपर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतील.

जेनेल